फायलीतला शेवटचा कागद

मागच्या अंकात वंध्यत्वाच्या तपासण्यांविषयी लिहिताना शुक्राणूंच्या डीएनएचा विषय मी एका वाक्यात उरकला होता. त्या एका वाक्यावर इंदूरच्या रामबागेपासून सुदामानगरापर्यंत, आणि थेट पिथमपूरच्या कारखान्यांतूनही इतकी पत्रे आली की या वेळचे सदर पूर्णपणे त्याच विषयाला द्यावे लागत आहे. पत्रलेखकांची नावे नेहमीप्रमाणे गाळली आहेत. बहुतेक पत्रे बायकांची आहेत, आणि दवाखान्यातही मी हेच पाहतो. बाई येते ती साडीच्या दुकानाच्या पिशवीत जाडजूड फाइल घेऊन. त्या फायलीत तिच्या सोनोग्राफीचे, रक्ताचे, नळ्यांच्या एक्स-रेचे चाळीस-पन्नास कागद तारीखवार लावलेले असतात, आणि सर्वांत शेवटी चार घड्या घालून खोचलेला नवऱ्याचा एकच कागद असतो, ज्यावर कुणीतरी पेनाने ‘नॉर्मल’ लिहून खाली रेघ ओढलेली असते. आजची उत्तरे त्या शेवटच्या कागदाविषयी आहेत.

प्रश्न : माझे वय ३१, ह्यांचे ३५. लग्नाला पाच वर्षे झाली. दोनदा दिवस राहिले, पण दोन्ही वेळा आठव्या-नवव्या आठवड्यात गर्भ पडला. माझे थायरॉइड, साखर, गर्भाशय, रक्त गोठण्यासंबंधीच्या तपासण्या, सगळे ठीक आहे. ह्यांची वीर्यतपासणी दोनदा झाली आणि दोन्ही वेळा नॉर्मल आली. आता नव्या डॉक्टरांनी डीएफआय नावाची तपासणी करायला लावली, तिचा आकडा ३६ टक्के आला. सासूबाई म्हणतात, रिपोर्ट नॉर्मल असताना मुलाला पुन्हा पुन्हा कशाला नाचवता? मोजणी ठीक असेल तर दोष कसा निघू शकतो? आणि दिवस राहिल्यानंतर गर्भ पडण्याशी पुरुषाचा काही संबंध असतो का? ह्यांना गणपतीत डेंग्यू झाला होता, त्यामुळे सध्या अशक्तपणाही आहे. रिपोर्टची छायाप्रत सोबत जोडली आहे.

उत्तर : आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते थोडक्यात आहे: होय, असू शकतो. गर्भाचा निम्मा वारसा वडिलांकडून येतो, आणि तो वाटेत तुटलाफाटला असेल तर दिवस राहूनही गर्भ न टिकणे शक्य असते. पहिल्या प्रश्नाला मात्र जरा जागा लागेल.

नेहमीच्या वीर्यतपासणीत मुख्यतः तीन गोष्टी पाहतात: शुक्राणू किती आहेत, त्यांतले हलणारे किती, आणि योग्य आकाराचे किती. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली काढलेल्या सहाव्या आवृत्तीच्या पुस्तिकेत यांच्या खालच्या मर्यादा दिल्या आहेत. वीर्य १.४ मिलिलिटर, एका मिलिलिटरमध्ये १ कोटी ६० लाख शुक्राणू, एकूण हालचाल ४२ टक्के आणि योग्य आकार ४ टक्के, अशा त्या आहेत. ज्यांच्या बायकांना प्रयत्न सुरू केल्यापासून वर्षभरात दिवस राहिले अशा पुरुषांचे आकडे चढत्या क्रमाने मांडून तळाच्या पाच टक्क्यांपाशी ही रेघ ओढलेली आहे. रेघेच्या वर असणारा प्रत्येक पुरुष बाप होईलच, असे ती सांगत नाही. खाली असणारा होणारच नाही, असेही सांगत नाही. छावणीच्या धान्य मंडीत गाडीवरच्या गोण्या मोजल्या, शिलाई तपासली, वजन केले, तरी आतल्या गव्हाला कीड लागली आहे का हे मूठभर दाणे बाहेर काढून पाहिल्याशिवाय कळत नाही. साध्या वीर्यतपासणीत गोण्याच मोजल्या जातात. डीएफआय, म्हणजे डीएनए फ्रॅगमेंटेशन इंडेक्स, ही दाणे पाहण्याची तपासणी आहे. शंभर शुक्राणूंपैकी कितींचा डीएनए तुटलेला आढळला, ते ती सांगते. साधारणपणे १५ टक्क्यांपर्यंतचा आकडा चांगला, १५ ते ३० मध्यम, आणि ३० च्या वरचा काळजीचा मानतात.

हा धागा तुटतो कसा, ते समजून घेण्यासारखे आहे. शरीरातल्या इतर पेशींत डीएनए हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या रिळांवर सैलसर गुंडाळलेला असतो. शुक्राणू घडत असताना यांतली बहुतेक रिळे काढून टाकली जातात आणि त्यांच्या जागी प्रोटामिन नावाची लहान प्रथिने बसून तोच धागा अतिशय घट्ट आवळतात. इतक्या लांब प्रवासाला निघणाऱ्याचे गाठोडे आवळूनच बांधावे लागते. ही बांधाबांध करताना धाग्याला मुद्दाम बारीक चिरा पडतात आणि मागाहून त्या सांधल्या जातात. एखादी चीर सांधायची राहिली, किंवा प्रोटामिन पुरेसे बसले नाही, तर तो शुक्राणू बाहेरून धडधाकट दिसूनही आतून कच्चा राहतो. पुढे वृषणाला चिकटून असलेल्या वेटोळ्या नळीतून जाताना ऑक्सिजनपासून तयार होणारे आक्रमक रेणू, ज्यांना फ्री रॅडिकल म्हणतात, त्याच्यावर मारा करतात आणि कच्चा धागा आणखी तुटतो. पूर्ण वाढलेल्या शुक्राणूला स्वतःची दुरुस्ती करता येत नाही, कारण हलके होण्यासाठी त्याने पेशीतला बहुतेक ऐवज मागे टाकलेला असतो. दुरुस्ती करते ते स्त्रीबीज. थोडी मोडतोड ते सांधून घेते. फार असेल, किंवा बीजाचेच वय वाढलेले असेल, तर ते अपुरे पडते.

गर्भ राहतो आणि मग पडतो, याचा एक धागा येथे मिळतो. मानवी गर्भ पहिले दोन-तीन दिवस स्त्रीबीजाने बांधून दिलेल्या शिदोरीवर वाढतो. चार ते आठ पेशी झाल्यावर त्याची स्वतःची जनुके, त्यांत वडिलांकडून आलेलीही, कामाला लागतात. त्यामुळे फलन व्यवस्थित होते, सुरुवात ठीक होते आणि वडिलांच्या बाजूचा बिघाड उशिरा उघडा पडतो. २०१२ साली १६ अभ्यासांतली सुमारे तीन हजार जोडपी एकत्र करून केलेल्या विश्लेषणात, ज्या पुरुषांच्या शुक्राणूंत डीएनएची मोडतोड जास्त होती त्यांच्या बायकांत गर्भपाताचा धोका सुमारे दुप्पट आढळला होता. अमेरिकेतील मूत्ररोग आणि प्रजनन या विषयांच्या दोन संघटनांनी २०२० साली काढलेल्या मार्गदर्शिकेतही, वारंवार गर्भपात होत असेल तर पुरुषाचे गुणसूत्र आणि शुक्राणूंचा डीएनए तपासावा, असे म्हटले आहे. त्याच मार्गदर्शिकेत असेही म्हटले आहे की वंध्यत्वाच्या पहिल्याच भेटीत सरसकट प्रत्येकाची डीएफआय तपासणी करू नये. आपल्या शहरात या दुसऱ्या वाक्याकडे काणाडोळा होतो, असे माझे निरीक्षण आहे.

आता आपल्या ३६ कडे येऊ. छायाप्रत जोडलीत हे फार बरे केले, कारण मी आकड्याच्या आधी वरचा तपशील वाचतो. हिंदी फॉर्मातल्या ‘परहेज के दिन’ या रकान्यात, म्हणजे नमुन्यापूर्वी किती दिवस वीर्य बाहेर पडले नव्हते त्या खंडापुढे, ११ लिहिले आहे, नमुन्याची तारीख १४ ऑक्टोबर आहे, आणि पत्राच्या शेवटी आपण अशक्तपणाचे कारण सांगता सांगता गणपतीतल्या डेंग्यूचा उल्लेख केला आहे. या दोन गोष्टींनी आकड्याचा अर्थ बदलतो. शुक्राणू घडायला सुमारे ६४ ते ७४ दिवस आणि वेटोळ्या नळीतून बाहेर यायला आणखी दहा ते चौदा दिवस लागतात. म्हणजे १४ ऑक्टोबरला तपासलेले शुक्राणू सणाच्या दिवसांतल्या तापात अर्धवट घडलेल्या अवस्थेत होते. जोराच्या तापानंतर दोन-तीन महिने डीएफआय वाढलेला दिसू शकतो. शिवाय अकरा दिवसांच्या खंडामुळे जुने शुक्राणू नळीत साठून राहतात आणि त्यांची मोडतोड होत राहते. नमुन्यापूर्वीचा खंड दोन ते सात दिवसांचा असावा असा नियम आहे. डीएफआयसाठी मी स्वतः दोन-तीन दिवसच सांगतो.

म्हणून त्या नमुन्यापासून तीन महिन्यांनी, त्याच प्रयोगशाळेत, त्याच पद्धतीने, दोन-तीन दिवसांच्या खंडाने तपासणी पुन्हा करावी. त्याच लॅबचा आग्रह अशासाठी, की डीएफआय काढण्याच्या पद्धती चार-पाच आहेत: एकीत रंग दिल्यावर अखंड डीएनए हिरवा आणि तुटलेला तांबडा चमकतो, दुसरीत अखंड डीएनएभोवती प्रभावळ उमटते, तिसरीत तुटलेला डीएनए धूमकेतूच्या शेपटासारखा बाहेर ओढला जातो. एका पद्धतीतल्या ३० ची दुसरीतल्या ३० शी तुलना होत नाही. दरम्यान ह्यांना एखाद्या मूत्ररोगतज्ज्ञांना प्रत्यक्ष दाखवावे. अंडकोषावरच्या शिरा फुगल्या आहेत का, जंतुसंसर्ग आहे का, हे हाताने आणि साध्या तपासणीने कळते. आपण दिलेल्या यादीत दोघांच्याही गुणसूत्रांची तपासणी दिसत नाही. ती करून घ्यावी.

एक सावधगिरी. नवा आकडाही जास्त आला, तरी दोन्ही गर्भपात त्यामुळेच झाले असे म्हणता येणार नाही. सुरुवातीच्या आठवड्यांत पडणाऱ्या गर्भांपैकी साधारण निम्म्यांत गुणसूत्रांची चूक असते आणि ती पुष्कळदा केवळ योगायोगाची असते. सासूबाईंना एवढेच सांगा, की ह्यांना नाचवण्याचा कुणाचा हेतू नाही. पाच वर्षांत आपल्या दंडात सुई किती वेळा टोचली गेली आणि ह्यांना डबा किती वेळा दिला गेला, हे एकदा त्यांनीच मोजून पाहावे.

प्रश्न : वय ३३. आमचा नमकीनचा कारखाना आहे आणि पंधरा वर्षे मी स्वतः कढईसमोर असतो. शेव गाळण्याचे काम कारागिरांवर सोडले की चव बिघडते, म्हणून सकाळी सात ते दुपारी तीन भट्टी माझ्याकडेच असते. शुक्राणूंची संख्या १ कोटी १० लाख आणि डीएफआय २९ टक्के आला आहे. गुटखा दिवसाला सात-आठ पुड्या. धंदा सोडावा लागेल का?

उत्तर : धंदा सोडू नका, जागा सोडा. वृषणे शरीराबाहेर पिशवीत लोंबती ठेवण्यामागे निसर्गाचा हिशेब आहे: शुक्राणू घडण्यासाठी शरीरापेक्षा दोन ते चार अंश कमी तापमान लागते. थंडीत पिशवी आखडते, उन्हाळ्यात सैल पडते, आणि येणारे गरम रक्त परतणाऱ्या थंड रक्ताच्या शिरांच्या जाळीतून जाताना निवते. आपल्या पत्राबरोबर आलेल्या कारखान्याच्या फोटोत भट्टीचे तोंड बरोबर कमरेच्या उंचीवर आहे, झारा उजव्या हाताला, आणि आपण ओट्याला मांड्या टेकवून उभे आहात. दिवसाचे आठ तास मांड्यांसमोर जाळ आणि मालव्यातला मे महिना, यापुढे ही व्यवस्था हरते. कढई आणि आपण यांच्यामध्ये पत्र्याचा किंवा विटांचा आडोसा घाला, ओट्यापासून हातभर मागे उभे राहा, एक्झॉस्ट बसवा, आणि पीठ मळणे, मसाला, पॅकिंग ही कामे आपल्याकडे घेऊन निदान चार तास भट्टी दुसऱ्याला द्या. चवीचे म्हणाल, तर मसाला आपल्या हातचा असला की बरीचशी चव राहते, असे एका ग्राहकाच्या नात्याने सांगतो.

ढगळ चड्डीने फायदा होतो का, असे आपण तळटीपेत विचारले आहे. अमेरिकेत ६५६ पुरुषांवर झालेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ढगळ अंतर्वस्त्रे घालणाऱ्यांत शुक्राणूंची दर मिलिलिटरमागची संख्या २५ टक्के अधिक आढळली, पण डीएनएच्या मोडतोडीत फरक दिसला नाही. खर्च काही नाही, तेव्हा ढगळ घाला. तेवढ्याने २९ चे १५ होतील ही अपेक्षा मात्र ठेवू नका.

गुटख्याबाबत मी मऊ शब्द वापरणार नाही. तंबाखूमुळे फ्री रॅडिकलचा मारा वाढतो आणि शुक्राणूंची संख्या व हालचाल, दोन्ही घटतात. कमी करतो, सुपारीवर येतो, असले करार आपल्याकडे फार होतात. ते करू नका, आजपासून बंद करा. भट्टीपासून दूर होऊन आणि पुडी सोडून तीन महिने झाले की दोन्ही तपासण्या पुन्हा करा. तोवर आपल्या पत्नीच्या तपासण्या नव्याने सुरू करण्याचे कारण मला दिसत नाही. मात्र एक परीक्षा थांबता कामा नये: संख्या कमी असलेल्या प्रत्येक पुरुषाची शिरा फुगल्या आहेत का हे पाहण्यासाठी करायची शारीरिक तपासणी. आपल्या पत्रात ती झाल्याचा उल्लेख नाही.

प्रश्न : माझ्या नवऱ्याला ‘शुक्राणूंची ताकद वाढवणाऱ्या’ गोळ्या आठ महिन्यांपासून सुरू आहेत. महिन्याला अडीच हजार रुपये लागतात. डबीवर जीवनसत्त्व क, ई, झिंक, फॉलिक अ‍ॅसिड, सेलेनियम, कार्निटीन, लायकोपीन अशी नावे आहेत. डीएफआय ३१ वरून २९ झाला. चालू ठेवाव्यात का?

उत्तर : ३१ आणि २९ यांत फरक नाही, असे समजा, आज आणि चार दिवसांनी घेतलेल्या दोन नमुन्यांतही इतका फरक पडू शकतो.

या गोळ्यांमागचा तर्क चुकीचा नाही. फ्री रॅडिकलने नुकसान होते, म्हणून त्यांना निष्प्रभ करणारी अ‍ॅन्टीऑक्सिडंट द्रव्ये द्यायची. पण तर्क बरोबर असून औषध न लागू पडणे वैद्यकात नेहमी घडते. आपल्या डबीवरची जवळपास हीच यादी असलेली गोळी अमेरिकेत पुरुषात दोष असलेल्या सुमारे १७० जोडप्यांवर तपासली गेली. निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना हुबेहूब दिसणारी पोकळ, म्हणजे औषध नसलेली. २०२० साली निकाल आला: तीन महिन्यांनंतर शुक्राणूंची संख्या, हालचाल, आकार, डीएनए, कशातच गोळीने फायदा झाला नव्हता. त्याच वर्षी फॉलिक अ‍ॅसिड आणि झिंक यांची २,३७० पुरुषांवरची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. सहा महिने गोळ्या घेणाऱ्यांपैकी ३४ टक्क्यांच्या घरी मूल जन्मले, पोकळ गोळी घेणाऱ्यांपैकी ३५ टक्क्यांच्या. उलट गोळी घेणाऱ्यांत डीएनएची मोडतोड किंचित अधिक निघाली, २९.७ टक्के विरुद्ध २७.२. शरीराला थोडे फ्री रॅडिकल लागतातही. स्त्रीबीजात शिरण्यापूर्वी शुक्राणूत जे बदल व्हावे लागतात त्यांत त्यांचा हात असतो, त्यामुळे ते पार पुसून टाकणेही बरे नाही.

मी स्वतः या गोळ्या काही रुग्णांना, ठरावीक मुदतीसाठी लिहितो, हे लपवत नाही. आहार फारच निकृष्ट असेल, किंवा कारणावर उपचार सुरू असताना जोड म्हणून. आठ महिने मात्र फार झाले. कारण न शोधता लिहिलेली गोळी रुग्णाला काहीतरी चालू आहे असे समाधान देते, आणि तेवढ्या काळात बायकोचे वय वाढत राहते. अडीच हजारांत महिनाभर डाळी, पालेभाज्या, पेरू, आवळा आणि मूठभर शेंगदाणे घरात येऊन पैसे उरतील. गोळ्या बंद करा आणि आधी कारण शोधून देतील असे तज्ज्ञ गाठा.

आणखी एक विचारतो, कारण पत्रात ‘जिमला नियमित जातात’ असे आहे: तिथे कुणी शरीर कमावण्यासाठी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने दिली आहेत का? बाहेरून हे संप्रेरक मिळाले की मेंदू वृषणांना काम करण्याचा निरोप पाठवणे थांबवतो आणि शुक्राणू घडणे जवळजवळ बंद पडते. पुरुषत्व वाढवण्याच्या नावाखाली दिले जाणारे हे इंजेक्शन प्रत्यक्षात गर्भनिरोधकासारखे काम करते. बंद केल्यावर बहुतेकांत शुक्राणू परततात, पण त्याला सहा महिने ते वर्ष, कधी त्याहूनही अधिक लागते. नवऱ्याला रागावून विचारू नका, पण विचारा.

प्रश्न : वय ३६, पत्नीचे ३८. तीन वर्षे प्रयत्न चालू आहेत. डाव्या बाजूला व्हेरिकोसील आहे, हाताला लागते. संख्या थोडी कमी, डीएफआय ३३. एक डॉक्टर म्हणतात ऑपरेशन करा, दुसरे म्हणतात सरळ आयव्हीएफ करा. इंदूरमध्ये एवढे मोठमोठे तज्ज्ञ असताना दोघांचे एकमत का होत नाही?

उत्तर : दोघेही बरोबर असू शकतात, आपण प्रत्येकाला वेगळा प्रश्न विचारला असावा. शल्यविशारदांना आपली शीर दिसली, आयव्हीएफवाल्यांना पत्नीचे वय दिसले.

व्हेरिकोसील म्हणजे वृषणाकडून रक्त वर नेणाऱ्या शिरांचे फुगणे. डावी शीर लांब असते आणि मूत्रपिंडाच्या शिरेला काटकोनात मिळते, म्हणून रक्त तुंबते ते बहुधा डाव्या बाजूलाच. सर्वसाधारण पुरुषांपैकी साधारण १५ टक्क्यांत आणि मूल न होणाऱ्यांपैकी सुमारे ३५ ते ४० टक्क्यांत ते आढळते. तुंबलेल्या रक्ताने वृषण तापते, फ्री रॅडिकल वाढतात, डीएनए तुटतो. हाताला लागणारे व्हेरिकोसील आणि बिघडलेले वीर्य अशी जोडी असेल तेव्हा सूक्ष्मदर्शकाखाली केलेल्या शस्त्रक्रियेने संख्या सुधारते आणि डीएफआय काही टक्क्यांनी उतरतो, हे अनेक अभ्यासांत दिसले आहे. केवळ सोनोग्राफीत सापडलेल्या, हाताला न लागणाऱ्या शिरांवर मात्र शस्त्रक्रिया करू नये. अशी शस्त्रक्रिया सुचवणाऱ्यांचा सल्ला दुसऱ्याकडून पडताळून घ्यावा.

अडचण वेळेची आहे. शस्त्रक्रियेचा परिणाम दिसायला तीन ते सहा महिने लागतात, नैसर्गिक गर्भधारणेला त्यानंतर आणखी काही. आणि अडतिसाव्या वर्षी स्त्रीबीजांची संख्या व प्रत दोन्ही झपाट्याने उतरत असतात. तुटलेला डीएनए सांधण्याचे काम स्त्रीबीज करते हे वर आलेच आहे, त्यामुळे वाढलेला डीएफआय अडतिसाव्या वर्षी अठ्ठाविसाव्या वर्षापेक्षा अधिक नडतो. इक्सीमध्ये, म्हणजे आयव्हीएफच्याच एका प्रकारात, एक शुक्राणू उचलून थेट बीजात सोडतात, त्याने हालचालीचा प्रश्न सुटतो. पण सुईत आलेल्या त्या शुक्राणूचा डीएनए अखंड आहे का, हे सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाही.

माझा सल्ला असा. आधी पत्नीची एएमएच या संप्रेरकाची तपासणी आणि पाळीच्या सुरुवातीची सोनोग्राफी करून बीजांचा साठा किती शिल्लक आहे ते पाहा. साठा चांगला असेल तर शस्त्रक्रिया करून सहा महिने द्या, त्याहून अधिक नको. साठा कमी असेल तर थांबू नका. शस्त्रक्रियेची वाट न पाहता बीजे काढून गर्भ तयार करून गोठवता येतात, आणि मधल्या काळात आपली शस्त्रक्रियाही होऊ शकते. दोनदा इक्सी करूनही गर्भ टिकला नाही आणि डीएफआय चढाच राहिला, तर वृषणातूनच सुईने शुक्राणू काढण्याचा पर्याय असतो. मोडतोडीचा मोठा भाग वेटोळ्या नळीत होत असल्याने वृषणातले शुक्राणू तुलनेने अखंड मिळतात; पण ही छोटी का होईना शस्त्रक्रिया आहे, पहिल्याच खेपेला कुणी सुचवली तर कारण विचारा. केंद्र निवडताना, २०२१ च्या सहायक प्रजनन तंत्रज्ञान कायद्याखाली त्याची नोंदणी झाली आहे का, हे नोंदणीपत्र पाहूनच ठरवा. आणि दोन्ही डॉक्टरांना एकमेकांशी फोनवर बोलायला सांगा. संकोच वाटेल, पण रिपोर्ट दोघांच्या टेबलांमध्ये घेऊन फिरण्यापेक्षा ते सोपे आहे.

प्रश्न : माझा मुलगा ४३ वर्षांचा, त्याचे दुसरे लग्न मागच्या वर्षी झाले. कपडे आवरताना त्याच्या कपाटात रिपोर्ट सापडला, त्यात डीएनए खराब असे काहीसे लिहिले आहे. नातवंडात व्यंग येईल का? सून साधी आहे, तिला काही माहीत नसावे.

उत्तर : काकू, या रिपोर्टवरून बाळात व्यंग असेल असे भाकीत करता येत नाही. डीएनए तुटणे वेगळे आणि त्यातला मजकूर बदलणे वेगळे. या तपासणीत धागा तुटला आहे का एवढेच पाहतात. त्याचा परिणाम मुख्यतः दिवस उशिरा राहण्यावर आणि गर्भ टिकण्यावर होतो. वडिलांच्या वयाबरोबर मजकुरातले नवे बदल थोडे वाढतात हे खरे आहे. आइसलँडमधल्या २०१२ च्या अभ्यासात वडिलांच्या वयाच्या प्रत्येक वर्षामागे सुमारे दोन नवे बदल मुलांत आढळले. पण अशा बदलांपैकी बहुतेकांचा काहीच परिणाम होत नाही, आणि त्रेचाळिसाव्या वर्षी बाप होणाऱ्यांची मुले बहुतांशी निरोगीच जन्मतात. डीएफआयसुद्धा चाळिशीनंतर वाढत जातो, त्यामुळे त्याच्या आकड्यात वयाचाही वाटा असेल.

राहिला रिपोर्ट. तो जिथे होता तिथे परत ठेवा. मुलगा तपासणीला स्वतःहून गेला, हीच मोठी गोष्ट आहे. आपल्याकडचे बरेच पुरुष जात नाहीत. सुनेला काय सांगायचे ते त्याला ठरवू द्या, आणि ती खरेच काही जाणत नाही, हेही गृहीत धरू नका.

प्रश्न : लॅबच्या स्वच्छतागृहात नमुना देणे मला जमत नाही, दोनदा तसाच परत आलो. घरून नेला तर चालेल का?

उत्तर : चालेल, आणि लाजण्याचे कारण नाही, बाहेर दार ठोठावणारा असताना कित्येकांना जमत नाही. डबा लॅबमधूनच आणावा, औषधाची धुतलेली बाटली वापरू नये. साबण, तेल, थुंकी, जेली यांतले काहीही लागू देऊ नये, आणि साधे निरोध वापरू नये, कारण त्यांवरच्या द्रव्यांनी शुक्राणू मरतात. पहिले थेंब सांडले असतील तर तसे फॉर्मवर लिहावे, कारण शुक्राणूंचा मोठा भाग त्यांतच असतो. डबा शर्टाच्या आतल्या खिशात अंगाच्या उबेत ठेवून, जानेवारीच्या थंडीत विशेष काळजी घेऊन, तासाभराच्या आत पोहोचवावा. तेव्हा राजवाड्याच्या संध्याकाळच्या गर्दीतून जायचे असेल तर सकाळची वेळ घ्यावी. नमुना केव्हा काढला ती वेळ, खंडाचे दिवस, आणि गेल्या तीन महिन्यांत आलेला ताप, हे तिन्ही फॉर्मवर स्वतःच्या हाताने लिहावे, रकाना छापलेला नसला तरी.